जगदेवानं दुसरी केली

चैत्र वद्य सप्तमीला संध्याकाळी विजयमालेला धनजला, तिच्या भावाच्या घरी, कायमचं पोचवण्यात आलं. छकड्यात तिच्यासोबत एक पेटी, एक वळकटी आणि न बोलणारा भाऊ होता.

हे झालेलं नाही. कामरगावात तिच्या सासऱ्यांच्या, दौलतरावांच्या घरी कोणालाही विचारा. ती जरा माहेरी गेलीय, येईल, असंच सांगतील. तेव्हा आपणही ती गेलीच नाही असं धरून चालू आणि त्याच दिवशी, तिच्या नवऱ्याच्या, जगदेवाच्या, वर्षश्राद्धाच्या सकाळी ओसरीवर येऊन बसू. तिथं अजून सगळे आहेत. जगदेवसुद्धा.

जगदेव डाळिंबाच्या फांदीवर बसला होता.

गेल्या चैत्रात तो भर उन्हातून वावरातून आला आणि पाणी न पिता दाढीला बसला, कारण संध्याकाळी पाहुणे येणार होते. मालेगावच्या बाजारातून आणलेला आरसा ओसरीच्या खांबाला टांगलेला असायचा. उजवा गाल झाला. डावा गाल साबणात असताना तो बसल्या जागी कलंडला. ऊन लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेला, तोही तसाच, एका बाजूनं तुळतुळीत आणि एका बाजूनं वाढलेला. न्हावी म्हणाला, राहिलेली करून देतो. तुळसाबाई म्हणाल्या, "माह्या पोराले हात नोको लावू." पाहुणे ठरल्याप्रमाणे आले, थांबले आणि तिरडीला खांदा देऊन गेले.

तेरवी आटोपली आणि खांबावरच्या आरशाला एक फुलचुखी येऊन टोचा मारू लागली. अंगठ्याएवढं पाखरू. रंग काळा, पण उन्हात वळलं की जांभळं आणि निळं पेटायचं. चोच दाभणासारखी वाकडी. आरशाच्या डाव्या अंगाला लटकून ते स्वतःच्याच तोंडावर चोच आपटायचं, थकायचं, डाळिंबावर जाऊन बसायचं आणि पुन्हा यायचं.

तुळसाबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी चुलीपुढून उठून त्या म्हणाल्या, "माहा जगदेव हाय तो. राह्यलेली अर्धी करायले येते."

घरात कोणी हसलं नाही. सुतकातून नुकतं उठलेलं घर होतं.

आता अडचण अशी की जगदेवाच्या थोरल्या भावाचा, म्हणजे बबनरावाचा, बेत तयार होता. जगदेवाची खोली आणि खोलीपुढचं अंगण घ्यायचं, तिथं कापसाचं कोठार बांधायचं, आणि विजयमालेला धनजला धाडायचं. मूल नाही, बाळ नाही, तिचं इथं काय? पण तुळसाबाईंनी एका वाक्यात बेत मोडला होता. "नवरा रोज घरी येऊन राह्यला अन् बायको माहेरी? लोकं काय म्हनतीन?"

म्हणून विजयमाला राहिली. एकवीस वर्षांची, कपाळ मोकळं. तिचं घरातलं काम एकच उरलं, नवऱ्याला येत ठेवणं. ते तिनं मन लावून केलं, कारण पाखरू यायचं थांबलं त्या दिवशी आपली पेटी छकड्यात चढणार, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. तिनं डाळिंबाला राखेचं खत घातलं. जास्वंद आणली. कर्दळी लावल्या. विहिरीकडून लाल कन्हेर आणून कुंपणाला खोचली. गावातल्या बायका म्हणाल्या, रांडमुंड बाईच्या दारात एवढा लाल रंग? तुळसाबाईंनी उत्तर दिलं, "तिच्यासाठी नाही, त्याच्यासाठी हाय." नारळाच्या करवंटीत गुळाचं पाणी टांगून पाहिलं, त्यात मुंगळे मेले. मग करवंटी काढली. पाखरू ओल्या पानावर अंग घासून आंघोळ करतं हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हापासून ती रोज सकाळी कर्दळीच्या पानांवर पाणी शिंपायची. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं. वळचणीची जळमटं झाडायची नाहीत असा नियम झाला, कारण जगदेव जळमटातले किडे टिपतो.

भादव्यात त्याचा काळा रंग उतरला आणि तो मळकट पिवळा झाला, छातीवर नुसती एक काळी रेघ. तुळसाबाई रात्रभर रडल्या. "वायला, सुकला माहा पोरगा! खायले नाही का घालत तू त्याले?" विजयमालेनं आणखी दोन जास्वंदी लावल्या. माघात तो पुन्हा चकाकायला लागला. तो कोण आहे याबद्दल विजयमालेला एक दिवसही शंका आली नव्हती. ते पाखरू होतं. जगदेवानं तीन वर्षांच्या संसारात तिच्या दारात इतक्या वेळा फेरी मारली नव्हती.

तर, श्राद्धाची सकाळ.

मालेगावाहून रंगूआत्या आल्या. दौलतरावांची बहीण, वयानं साठीची, आवाजानं तिशीची. ओसरीवर पाय ठेवताच त्यांनी वर पाहिलं.

"अव तुळसा! श्राद्धाचं घर अन् जळमटं हातभर? खराटा नाही का घरात?"

"हाय. झाडाचं नाही."

"काहून?"

"जगदेवाचं खानं हाय ते."

रंगूआत्यांनी बबनरावाकडे पाहिलं. बबनरावानं डोळे मिटून मान हलवली, म्हणजे आत्या, मी रोज हेच ऐकतो. आत्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. बबनरावाला बरं वाटलं. एका वर्षात पहिल्यांदा कोणी त्याच्या बाजूला बसलं होतं.

"आज सोक्षमोक्ष लावतो मी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वरीस झालं. तिचा भाऊ आलाच हाय. मायले तुमी समजवा. पाखरू पाखरू असते म्हना."

"म्हनते नं. त्यात काय मोठं?"

विजयमालेचा भाऊ सोनाजी खांबाला टेकून बसला होता. बहिणीला न्यावं लागू नये एवढ्यासाठी तो धनजहून पहाटे निघाला होता. बायकोनं निघताना बजावलं होतं, की एकटे जाता तसे एकटेच या. त्यामुळे या ओसरीवर पाखराच्या बाजूनं असलेला तो दुसरा पुरुष होता. पहिला म्हणजे पाखरू.

आत भटजींनी मांडामांड केली होती. त्यांना उन्हाच्या आत कारंज्याला परतायचं होतं. "बबनराव, या बसा. अपसव्य करा."

आणि नेमकं तेव्हा रंगूआत्यांनी तोंड उघडलं. समजवायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तुळसा," त्या म्हणाल्या, "हे काय लटकून राह्यलं?"

विजयमालेच्या खोलीच्या दारासमोर, वळचणीच्या वाशातून एक दोरी लोंबत होती. ओलं लुगडं टाकायची. त्या दोरीच्या टोकाला कोळिष्टकाचा, कापसाचा, वाळक्या पानांच्या चुऱ्याचा एक लांबुळका बटवा लटकत होता. घाईत पाहिलं तर कचरा अडकलाय असं वाटावं. बटव्याच्या पोटाला एक भोक होतं आणि भोकातून एक वाकडी चोच बाहेर आली होती.

"ही कोन?" रंगूआत्या म्हणाल्या.

चोच बाहेर पडली. मागून सगळं पाखरू आलं. वरून मातकट, खालून पिवळसर. ते उडून डाळिंबावर, चकाकणाऱ्या काळ्या पाखराच्या शेजारी जाऊन बसलं. अंगाला अंग लावून. दोघांनी मिळून एक फूल धरलं.

आतून भटजी म्हणाले, "अपसव्य!"

तुळसाबाई खाली बसल्या. उभ्या होत्या तिथंच, सारवलेल्या भुईवर.

"अव माय व," त्या म्हणाल्या. "जगदेवानं दुसरी केली."

विजयमाला दाराआड उभी होती. तिला हे पंधरवड्यापासून माहीत होतं. मादी कोळिष्टकं ओढून नेताना तिनं पाहिली होती आणि तिला आनंद झाला होता. घरटं झालं म्हणजे पाखरू कुठं जात नाही, पिलं झाली म्हणजे पुढल्या वर्षीही येतील, म्हणजे आपण इथंच. एवढा साधा हिशेब. मादीला सोपं जावं म्हणून तिनं पेटीतून लग्नाचं लुगडं काढून काठाचे लाल धागे उसवले आणि कन्हेरीवर टांगले. आता तिला कशाला लागणार होतं ते लुगडं? मादीनं ते धागे घरट्याच्या तोंडाला गुंडाळले. नर फांदीवर बसून त्या मातकट बाईकडे एकटक पाहत होता, आणि विजयमालेच्या मनात आलं, माझ्याकडे असं कधी पाहिलं नाही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पाखराचा मत्सर करण्यापर्यंत तिची मजल गेली होती.

इकडे बबनरावाच्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं. गेलं वर्षभर तो घसा फोडून सांगत होता की हे पाखरू आहे. आता त्याच्या लक्षात आलं की आपण किती मूर्ख होतो. ते पाखरू असण्यात त्याचा काहीच फायदा नव्हता.

"माय," तो गंभीरपणे म्हणाला, "तू म्हनत होतीस ते खरं हाय. जगदेवच हाय तो."

रंगूआत्यांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. "अरे, आत्ता तर तू मले..."

"आत्या, तुमी गप ऱ्हा. आमच्या घरातलं हाय. मी भाऊ हाय त्याचा, मले नाही ओयखू येत? पाहा नं, घर कोनं बांधलं? तिनं. हा काय करून राह्यला? बसून पाहून राह्यला. जगदेव नाही तर कोन हाय मंग?"

हे तर्काला इतकं धरून होतं की दौलतरावांनीही मान डोलवली. धाकट्या पोरानं उभ्या आयुष्यात कधी एक भिंत सारवली नव्हती.

"मंग आता कसं?" बबनराव पुढे सरकला. "नवऱ्यानं दुसरी आनली. तिनं घर मांडलं. पयलीनं कुठं राहावं? एका दारात दोघी? अशानं भांडनं होतीन. सोनाजीराव, तुमीच सांगा, तुमच्या बहिनीनं सवतीत नांदावं असं वाटते का तुमाले?"

सोनाजी खांबाआड सरकला. "पाखरू हाय जी ते," तो पुटपुटला.

"तुमी पाहुने हा. मेलेल्या मानसाले पाखरू म्हनता?"

विजयमाला थोरल्या दिरापुढे बोलत नसे. तशी रीत नव्हती. तिनं पदर पुढे ओढला आणि दाराआडूनच सासूला उद्देशून म्हटलं, "आत्याबाई, त्याहिले सांगा, लाल फुलं मी लावली. पानी मी शिंपलं. जळमटं मी राखली. धागेबी मीच देल्ले."

"आयकलं का?" बबनराव म्हणाला, तोही तिच्याकडे न पाहता. "माय, तिले सांग, म्हनजे सवत तिनंच आनली. आता तक्रार कायले?"

"आत्याबाई, त्याहिले सांगा, तक्रार नाही. नुसतं राहू द्या म्हना. कोपऱ्यात राहीन. त्या दोघाहिचं करीन."

हे शेवटचं वाक्य ऐकून रंगूआत्यांचा पक्ष बदलला. त्यांनाही चाळीस वर्षांपूर्वी एक सवत आली होती आणि त्यांनीही दोघांचं केलं होतं. ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही. त्या उठून दारापाशी जाऊन विजयमालेच्या शेजारी बसल्या.

"राहू दे पोरीले," त्या म्हणाल्या. "पोरगी अन् पाखरू दोनी राहू दे. तुहं काय अडलं बबन्या?"

"माहं काही नाही अडलं. रीत म्हनून बोलतो."

भटजी बाहेर आले. हातात दर्भ होता. "यजमान, ऊन चढलं. पिंड द्यायचे का नाही?"

तेव्हा दौलतराव त्या दिवसात पहिल्यांदा बोलले. "महाराज, हा तिथं बसला हाय. आपल्या बायकोसंगं. ह्याचं श्राद्ध कसं घालता मंग?"

भटजींनी डाळिंबाकडे पाहिलं, घरट्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. "ह्याबद्दल ग्रंथात काही नाही," ते म्हणाले. "पण स्वयंपाक झालाय."

श्राद्ध झालं. पिंडाचं पान परसात ठेवलं आणि कावळ्यानं क्षणाचाही विलंब न लावता ते उचललं. कावळ्याला कसलीच शंका नव्हती.

जेवणं होईपर्यंत ओसरीवर तीन आणि दोन अशी वाटणी होती. रंगूआत्या, विजयमाला आणि नाइलाजानं सोनाजी एकीकडे, बबनराव आणि दौलतराव दुसरीकडे. राहिल्या तुळसाबाई. वर्षभर सुनेला त्यांनीच धरून ठेवलं होतं. त्या जिकडे जातील तिकडे घर जाणार होतं. त्या भिंतीला टेकून घरट्याकडे पाहत होत्या.

"बबन," त्या म्हणाल्या, "त्यात काय हाय पाह्य बरं."

बबनरावानं स्टूल आणलं. भोकात अंधार होता. मग त्याला सुचलं आणि त्यानं खांबावरचा जगदेवाचा आरसा उतरवला, अंगणातलं ऊन आरशात घेतलं आणि कवडसा भोकात सोडला. लाल धाग्यांच्या आत, कापसाच्या गादीवर, चिंचोक्याहून थोडी मोठी दोन अंडी होती. मळकट पांढरी, टिपके पडलेली.

"दोन हायत," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की आपण सांगायला नको होतं.

तुळसाबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं काहीतरी आलं. "नातू," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "जुळे!"

विजयमालेकडे त्यांनी पाहिलं ते रागानं नव्हतं. राग असता तर रंगूआत्यांना भांडता आलं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते रस्त्यात आलेल्या बाईकडे पाहावं तसं. बाजूला हो, इतकंच.

"हे दार आता उघडाचं नाही," त्या म्हणाल्या. "दार उघडलं की दोरी हालते. खोली बंद. अंगनात कोनी पाय नाही ठेवाचा. बबन, तू पन."

"पन माय, कोठार..."

"कसलं कोठार? तिथं जुळ्याहिची बायतीन हाय."

अशा रीतीनं खोली बबनरावाला मिळाली नाही आणि विजयमालेला उरली नाही. तिची पेटी काढण्यापुरतं दार एकदा उघडलं, तेही तुळसाबाईंनी दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यावर. सोनाजीनं छकडं जोडलं. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं याचा तो विचार करत होता. पाखरानं सोडचिठ्ठी दिली, हे त्याला तोंडातल्या तोंडात बोलून पाहतानाही जमेना.

निघताना विजयमाला सासूच्या पाया पडली. आरसा तुळसाबाईंच्या मांडीवर होता. आता जगदेवाला संसार आहे, आरशात डोकं आपटायला वेळ नाही, म्हणून तो खांबावर परत लावायचा नाही असं ठरलं होतं.

"आत्याबाई, तो आरसा मले द्या. दुसरं काही नाही मागत."

तुळसाबाईंना खरंच नवल वाटलं. "तुले आरसा कायले व माय?"

रंगूआत्यांनी तोंड फिरवलं. डाळिंबावर कोणीच नव्हतं. नर कुंपणाच्या कन्हेरीवर होता, आणि छकडं त्याच्या खालून गेलं तरी तो फुलातून बाहेर आला नाही.

पण हे झालेलं नाहीच, हे आपण ठरवलं आहे. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात कारंज्याच्या कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली बसणाऱ्या अर्जनविसासमोर एक मोकळ्या कपाळाची बाई बसली होती, तीही कोणी नव्हती. अर्जनविसानं टाक बुडवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "जौजे लिवू का बेवा? नवरा जित्ता असंन तर जौजे, मेला असंन तर बेवा."

बाईनं सगळं सांगितलं. अर्जनवीस हसला नाही, त्यालाही पोट होतं. त्यानं लिहिलं ते असं:

"मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे हुजुरास. अर्जदारीण विजयमाला, जौजे अथवा बेवा (हुजूर ठरवतील तसे) जगदेव वल्द दौलतराव, राहणार कामरगाव, हल्ली मुक्काम धनज, हिचा नम्र अर्ज ऐसा जे, अर्जदारणीचा नवरा गेल्या साली चैत्रमासी मयत झाला असून तेव्हापासून तो रोज घरी येतो. चालू साली त्याने दुसरे घर केले असून सदर घर अर्जदारणीच्या दारास टांगलेले आहे. सबब विनंती की, हुजुरांनी मौक्यावर येऊन, पंचांसमक्ष, सदर इसमास मयत अथवा हयात यांपैकी एक काय ते ठरवावे. मयत ठरल्यास विधवा म्हणून, हयात ठरल्यास पहिली बायको म्हणून, अर्जदारणीस तिच्या खोलीत राहू देण्याचा हुकूम व्हावा. इसम चौकशीकामी हजर न राहिल्यास त्यास लाल फुले दाखवावीत, येतो. खोलीचा हुकूम होणे नसल्यास, सदर घरास लावलेले लाल धागे अर्जदारणीच्या लग्नातील असल्याची नोंद तरी सरकारी दप्तरी घ्यावी. हेही हुजुरांच्या अखत्यारीत नसल्यास, ओसरीच्या खांबावरून उतरविलेला आरसा, नग एक, काच शाबूत, अर्जदारणीस देववावा. अर्जदारणीने स्वतःचे तोंड गेल्या चैत्रापासून पाहिलेले नाही. ते अद्याप आहे किंवा कसे, याची तिला खात्री करून घेणे आहे. कळावे. माहे एप्रिल, सन १९३८. निशाणी डाव्या हाताचा अंगठा."